शेषेराव पडद्यावर मार खातो

ज्ञानोबा तात्या पळसाच्या पानांचा भारा घेऊन दारात आले, तेव्हा सिंधु ओसरीवर ज्वारी पाखडत होती. तिच्या हातातलं सूप तिथंच थांबलं. उद्या सकाळी त्या पानांचा माणूस करायचा होता, त्या माणसाला शेषेराव म्हणायचं होतं, आणि त्याला अग्नी दिला की सिंधुचं कुंकू पुसायचं होतं. बारा वर्षं ज्याचा ठावठिकाणा नाही त्याचं असंच करतात, हे जोशीबुवांनी दोनदा सांगितलं होतं. शास्त्रात काय काय सोयी असतात पाहा. माणूस सापडला नाही तरी त्याच्यावाचून काही अडत नाही.

"कुठं ठिवू गं पोरी?" तात्यांनी विचारलं. हा चुलतसासरा मनाचा वाईट नव्हता. विचारताना त्यानं मान वर केली नाही.

"ठिवा की मामा कुठं बी," सिंधु म्हणाली आणि परत पाखडायला लागली.

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर दोघा भावांचं वाजलं. थोरल्या रामकिशननं चारचौघांत धाकट्याच्या मुस्कटात मारली, आणि शेषेराव जो गेला तो गेलाच. तेव्हा सिंधुच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. आता पुन्हा दुष्काळ होता. विहिरींचे तळ उघडे पडले होते, देगलूरहून टँकर आला तर घागरी भरायच्या, नाहीतर वाट बघायची. बैल छावणीत होते. अशा दिवसांत बारा वर्षांपूर्वीचं उकरून काढायला कुणाला फुरसत नव्हती. पण चांगुणाचं लग्न ठरत होतं.

चांगुणा ही रामकिशनची थोरली लेक. सिंधुच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. पाहुणे औशाचे होते आणि मुलगा लातूरला, नव्या जिल्ह्याच्या कचेरीत कारकून होता. लातूरचा जिल्हा होऊन दोनच वर्षं झाली होती, पण तेवढ्यात तिकडची माणसं नांदेडकडच्यांशी बोलताना मान जरा उंच धरायला लागली होती. जिल्हा जणू त्यांनी घरी जन्माला घातला होता. मुलाच्या बापानं सगळं पसंत केलं आणि जाता जाता उंबऱ्यात म्हणाला, "तुमच्या घरी एक मानूस ना जित्यात ना मेल्यात. आधी त्याचं काय ते करून घ्या, मग आमी कुकू लावाया येतो." तेव्हापासून घरात सगळे सिंधुशी फार गोड बोलत होते. तिला त्या गोडीचीच धास्ती वाटत होती.

तिला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तिनं काय सांगितलं असतं हे तिलाही ठाऊक नव्हतं. थोरल्या दिराशी तोंडावर बोलायची रीत नाही. रामकिशन समोर आला की ती पदर ओढून बाजूला व्हायची आणि काही सांगायचंच झालं तर भिंतीला सांगितल्यासारखं सांगायची. लग्न होऊन आल्यापासून असंच चाललं होतं.

दुपारी सगळे जेवायला बसणार तोच अंगणात सायकल आडवी पडल्याचा आवाज झाला. संगप्पा आला होता. देगलूरच्या टॉकीजमध्ये तो मशीन चालवायचा. शेषेराव आणि तो एका वर्गात नापास झालेले, त्यामुळे दोस्ती पक्की होती. त्याचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता.

"रामकिशनदादा, उद्याचं थांबवा. शेषा हाय."

 सिंधुच्या सासूच्या, केवळाबाईच्या हातातला तांब्या कलंडला आणि तेवढ्या टंचाईतही कुणी तो सरळ केला नाही.

"कुठं हाय?" रामकिशननं विचारलं.

"आमच्या टाकीजात."

"टाकीत?" म्हातारी किंचाळली. "पान्याच्या टाकीत पडला का काय माझा लेक?"

"टाकीत न्हाई मावशी, टाकीजात. पडद्यावर. तेलुगू पिच्चर लागलाय ना, दोन ताटातूट झालेल्या भावांचा. त्यात हाय. मार खाऊन राहिलाय."

"कुनाचा?"

"हिरोचा. रोज चार खेळ."

ज्ञानोबा तात्यांनी कपाळाला हात लावला. "संगप्पा, उन्हातून आलास. पानी पी, सावलीत बस. मग बोल."

"तात्या, मला येडं म्हना पर आधी ऐका. इंटरवलनंतर भाजी बाजारात फायटिंग हाय. धा-पंधरा गुंडे हिरोवर धावत्यात. त्यात येक पट्ट्याची बनियन घातलेला. सगळे धावले, ह्यो थांबला. वाकला. पायातल्या चपला काढल्या, काखंत मारल्या आन मग धावला."

आता मात्र तात्यांचा कपाळावरचा हात खाली आला. शेषेराव लहानपणी माळेगावच्या जत्रेत भांडला होता. भांडणासाठी काढून ठेवलेल्या नव्या चपला कुणीतरी पळवल्या आणि त्यापायी बापानं त्याला घरापर्यंत अनवाणी बडवत आणलं. त्या दिवसापासून कुणाशी हातघाईवर यायची वेळ आली की शेषेराव आधी चपला काखेत मारायचा. एका हातानं भांडायचा आणि अर्थातच हरायचा. गावात त्यावरून हसून हसून लोकांची पोटं दुखली होती.

"चपला काखंत मारनारा जगात येकलाच हाय का?" तात्या म्हणाले, पण आवाजात पहिल्यासारखा जोर नव्हता.

"तेच बगाया या म्हन्तो. तीनचा खेळ शेवटचा हाय. सांजच्या बसनं पिच्चरची पेटी निजामाबादला जानार. मग बसा उद्या पानं जाळत."

केवळाबाई उठली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू होते, परसापर्यंत जायलाही तिला हात धरावा लागे. पण ती तरातरा दाराकडे निघाली आणि खांबावर आपटली. "मी चालले," ती खांबाला म्हणाली. "कुनी येवो न येवो."

रामकिशननं समोरचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "चला."

सिंधु चप्पल घालायला आत गेली तशी चांगुणा तिच्या मागं आली. "काकू, काकाच निघू द्या बाई," ती हळूच म्हणाली. "तुमचं कुकू पुसून माझ्या कपाळाला लावायचं, हे मला कसंतरीच वाटून राहिलंय." सिंधुनं तिच्या गालावरून हात फिरवला.  तो निघावा असं तिलाही वाटत होतं, आणि निघाला तर काय, या विचारात तिला डावी-उजवी चप्पल कळेना.

संगप्पा मशीन लावायला सायकलवर पुढं गेला. बैल छावणीत, एसटी निघून गेलेली. शेवटी पाणी ओतून रिकामा झालेला टँकर देगलूरला परतत होता, त्याच्या ड्रायव्हरच्या हातापाया पडले. बाया पुढं बसल्या, रामकिशन आणि तात्या मागं टाकीला धरून उभे राहिले. म्हातारीचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, लेकासाठी टाकीवर चढायची वेळ आलीच.

केवळाबाई खिडकीशी बसून देवाचं नाव घेत होती. मधे सिंधु, पलीकडे तिची थोरली जाऊ साखराबाई. साखराबाई बराच वेळ गप्प होती. तिला गप्प बसणं जड जातं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"सिंधु, मी वाईट म्हनून बोलत न्हाई," ती शेवटी म्हणाली. वाईट बोलायचं असलं की ती अशीच सुरुवात करायची. "पर इचार केलास का? त्यो न्हाई निघाला तर उद्या तू रांडाव. वाईटच हाय ते. पर लोक हळहळतील, दोन दिस आपल्यासंगं रडतील. आन निघाला तर?"

"तर काय, अक्का?"

"तर बारा वर्सं त्यो जित्ता हाय, हैद्राबादेत भात खाऊन राहिलाय, आन तुज्याकडं आला न्हाई. मग तू कोन? टाकलेली. हारवलेल्याची बायकू म्हनून तुला इतकी वर्सं मान व्हता. टाकलेलीला कोन पुसतंय?"

 साखराबाईचा राग येण्यासारखं होतं, पण आला नाही. कारण संगप्पानं अंगणात तोंड उघडल्यापासून हाच विचार तिला कुरतडत होता आणि साखराबाईनं फक्त तो बोलून दाखवला होता. ती समोरच्या काचेतून रस्ता बघत राहिली. दोन्ही बाजूंना काळी रानं भेगाळून पडली होती.

टॉकीज भरलेली होती. दुष्काळात लोक सिनेमाला एवढे का येतात, याचं कारण वर गरगरत होतं. हाताला काम नाही, घरात पंखा नाही, आणि इथं तीन तास वाऱ्याखाली बसून दुसऱ्याला मार खाताना बघायला मिळतं. बाया बायकांच्या बाकांवर बसल्या, रामकिशन आणि तात्या पुरुषांच्या बाजूला.

सिंधुचं माहेर मदनूरचं, सीमेच्या पलीकडचं. तेलुगू तिची आईची भाषा. लग्न होऊन आली तेव्हा घरात तिच्या बोलण्याला हसायचे, मग तिनं ती भाषा गुंडाळून ठेवली. आता एवढ्या वर्षांनी अंधारात ती भाषा कानावर पडायला लागली आणि तिला माहेरी आल्यासारखं वाटलं. पण तेवढ्यापुरतंच. इंटरव्हल जवळ यायला लागला तशी ती पडद्यावरचं एकेक तोंड निरखायला लागली.

"काय चाललंय गं?" केवळाबाई दर घडीला विचारायची.

"दोन भाऊ हायत आत्या. पुरात येगळे झाल्यात. येक फौजदार झालाय, दुसरा पाकीटमार. फौजदार पाकीटमाराला मारून राहिलाय."

"आपल्याच भावाला?"

"त्याला ठावं न्हाई ना."

"माय ठावं का करून देत न्हाई? माय कुठं हाय?"

"माय आंधळी हाय."

केवळाबाईनं पदरानं आपले डोळे चोळले. मग म्हणाली, "आंधळी असली तरी वासावरनं वळखायला पायजे."

इंटरव्हल झाला. पुन्हा अंधार पडला. पाकीटमार भाजी बाजारात शिरला, एका गाड्यावरून काकडी उचलून खायला लागला, आणि चारी बाजूंनी गुंड आले. सिंधुनं सासूचा हात घट्ट धरला. 

सगळे धावले. एक थांबला. पट्ट्यापट्ट्याची बनियन, सुटलेलं पोट, गालावर कल्ले. हा नव्हे, असं सिंधुला वाटलं. तेवढ्यात तो वाकला. आधी डावी चप्पल काढली, मग उजवी. दोन्हीचे तळ एकमेकांवर आपटून माती झाडली, काखेत मारल्या आणि मान वर केली.

तो शेषेराव होता.

"रा!" तो हिरोकडे बघून ओरडला. "रा! रा रा!"

हिरोनं एक ठेवून दिली. शेषेराव वांग्यांच्या ढिगात जाऊन पडला. चपला काखेतच होत्या. टॉकीज हसून हसून लोळली, पोरांनी शिट्ट्या मारल्या, मागून कुणीतरी "वन्स मोर!" म्हणून ओरडलं. आणि त्या सगळ्या हशात पुरुषांच्या बाजूला एक माणूस ताडकन उभा राहिला. "ए फेटा, खाली बस!" लोक ओरडले. रामकिशन बसला नाही. पडद्यावरचा उजेड त्याच्या तोंडावर पडला होता, तोंड उघडं होतं, आणि तो रडतोय हे सिंधुला इतक्या लांबूनही दिसलं.

"वन्स मोर!" आता सगळेच ओरडायला लागले. संगप्पाला तेवढंच निमित्त हवं होतं. मशीन थांबली, दिवे लागले, रीळ मागं फिरवलं गेलं आणि पुन्हा अंधार झाला.

पहिल्या वेळी सिंधुनं फक्त तो आहे का नाही एवढंच पाहिलं होतं. दुसऱ्यांदा तिनं त्याला पाहिलं. अंगावर मांस चढलं होतं. कपाळ वर सरकलं होतं. तोंडावर घाबरल्याचं सोंग होतं, पण डोळे मजेत होते. तो वांग्यांत पडला, हिरो दुसऱ्याकडे वळला आणि सगळी टॉकीज हिरोकडे बघायला लागली. सिंधु मात्र पडद्याच्या कोपऱ्यात बघत होती. तिथं शेषेराव उठला, बनियन झटकली, चपला खाली टाकून पायात घातल्या आणि निघून गेला. कुणाकडे न बघता. तिला आनंद झाला, आणि आनंदाच्या पाठोपाठ असा राग आला की उठून पडदा फाडावा. बारा वर्षं ती या माणसासाठी उपास करत होती, आणि हा तिकडे लोकांना हसवत होता.

"दिसला का?" केवळाबाईनं विचारलं. "खरं सांग पोरी."

"तेच हायत, आत्या."

म्हातारीनं पदर तोंडात कोंबला. मग म्हणाली, "आवाज मी बी वळखला. काय म्हनला गं त्यो? 'रा' म्हनला ना? दोन-तीन डाव म्हनला."

"हाव. 'रा' म्हनले."

"'रा' म्हनला," केवळाबाई आपल्याशीच पुटपुटली. "रा म्हनला माझा सोन्या."

खेळ सुटला. स्टँडसमोरच्या हॉटेलाच्या बाकड्यावर सगळे टेकले. निजामाबादची बस लागली होती आणि हमाल तिच्या टपावर सिनेमाच्या पत्र्याच्या पेट्या चढवत होता. संगप्पा खाली उभा राहून "हळू, हळू" म्हणत होता.

"मानलं," ज्ञानोबा तात्या म्हणाले. "शेषाच हाय. पर पडद्यावरल्या मानसाला जित्ता कसं म्हनावं? पिच्चर कवाचा कोन जाने."

"औंदाचाच हाय तात्या," संगप्पा तिथूनच बोलला. "हैद्राबादचे फायटर हायत. पेटीवाल्याला सगळे ठावं हायत, त्यो निजामाबादेत असतो."

"त्यो जित्ता हाय," रामकिशन म्हणाला.  खिशातून दस्ती काढून त्यानं तोंड पुसलं. "खडीवर मी त्याच्या मुस्कटात हानली, तवा त्यानं माझ्यासमोर बी चपला काखंत मारल्या व्हत्या. मला वाटलं, आता ह्यो मारतो. मग खाली टाकल्या, पायात घातल्या आन गेला. मारलं असतं तर बरं झालं असतं. दोन दिस बोललो नसतो, तिसऱ्या दिशी येका ताटात जेवलो असतो."

 मग साखराबाईनंच तोंड उघडलं, आणि टँकरमधली साखराबाई ती हीच का, असं वाटावं इतकी ती बदलली होती.

"म्या म्हन्ते, आता रडायचं काय काम हाय? चांगलंच झालं की. पाहुन्यांना सांगू, धाकले हैद्राबादेत नोकरीला हायत. शिनेमा लाइनीत. लातूरवाल्यांच्या सोयऱ्यात हाय का कुनी शिनेमात?"

"बात तर पते की हाय," तात्यांचे डोळे चमकले. "उद्याचं जोशीबुवाला नको म्हनून सांगतो. ना जित्यात ना मेल्यात म्हनले व्हते ना? मग जित्यात हाय. पिच्चर दावू त्यास्नी."

"आन सिंधुचं?" रामकिशननं विचारलं.

"तिचं काय? तिचं कुकू हाय तसं ऱ्हाईल. त्याला सवड झाली की यील. तवर घर तिचंच हाय की."

"त्यानं सोताच सांगितलं तसं," केवळाबाई म्हणाली. ती किती दिवसांनी हसत होती. "ऐकलं का न्हाई तुमी? 'रा' म्हनला. हितंच रा, घरी रा. पडद्यावरनं सांगितलं लेकानं माझ्या. नवऱ्याचा सबुद हाय सिंधे. तू रा."

सगळ्यांनी मान डोलावली. प्रश्न इतका सरळ सुटेल असं सकाळी कुणाला वाटलं नव्हतं. चांगुणाचं लग्न वाचलं, म्हातारीला लेक मिळाला, रामकिशनच्या डोक्यावरचं खून केल्यासारखं ओझं उतरलं, आणि सिंधुचं कुंकूही शाबूत राहिलं. आता तिनं फक्त राहायचं होतं. बारा वर्षं राहिली तशीच. फरक इतकाच, की आजपर्यंत ती वाट बघत होती आणि उद्यापासून सगळ्यांना ठाऊक असणार होतं की येणारं कुणी नाही.

आपल्याकडे 'राहा'चं बोलता बोलता 'रा' होतं. गप रा, बसून रा. नवी नवरी म्हणून आली तेव्हा सासू चुलीपाशी म्हणाली होती, "तू तितंच रा," आणि सिंधु उठून तिच्यापाशी येऊन उभी राहिली होती. सासूनं पुन्हा म्हटलं, "अगं रा की!" सिंधु आणखी जवळ आली. शेवटी सासूच्या लुगड्यावर दूध सांडलं. महिनाभर गाव हसत होतं.

"आत्या," सिंधु म्हणाली, "तेलुगूत 'रा' म्हंजी ये."

"काय?"

"ये. मराठीत ऱ्हाय, तेलुगूत ये. पडद्यावर ते तेलुगू बोलून राहिले व्हते."

"अगं, ते तुला कुठं म्हनला त्यो? हिरोला म्हनला!" साखराबाई म्हणाली.

"मला न्हाईत म्हनले, ठावं हाय मला. 'रा' म्हनून घरी बस, हे तरी कुठं मला म्हनले, अक्का? तेवढं बरं तुमाला पटलं."

 सिंधु उठली. तिनं पदर सारखा केला, पण तोंडावर ओढला नाही, आणि रामकिशनच्या समोर जाऊन उभी राहिली. तात्यांनी भांबावून दुसरीकडे बघितलं.

"दादा," ती म्हणाली. आवाज कापत होता आणि तो कापू नये म्हणून तिनं काही केलं नाही. "मेले म्हनला असता, तर मी रडले असते आन बसले असते. आता ते जित्ते हायत. त्यांनी मला टाकलं असंल तर तसं त्यांनी माझ्या तोंडावर सांगावं. दुसरी केली असंल तर ती बी मी बघते. मग कुकू ठिवायचं का पुसायचं, माझं मी ठरवीन. तुमी पानं जाळून नका ठरवू, आन पिच्चर दावून बी नका ठरवू. मी ह्या बसनं चालले."

"येकली?" तात्या म्हणाले. "परमुलखात?"

"मुलूख माझाच हाय तो, मामा. भाषा येती मला."

"आन पाहुने?" साखराबाईचा आवाज रडवेला झाला होता. "माझ्या पोरीचं काय?"

"पोरगी माझी बी हाय," सिंधु म्हणाली. "तिला इचारा जाऊन. दुपारी तिनं काय सांगितलं मला, ते तुमालाच सांगंल ती."

टपावरची शेवटची पेटी बांधून झाली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. रामकिशन अजून बाकड्यावर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर जमिनीवर. तो उठला नाही तर आपण खरंच एकटीनं चढणार का, हे सिंधुला माहीत नव्हतं. तिनं बसच्या पायरीवर पाय ठेवला आणि तिला कळलं की चढणार. भीती तेवढीच होती, पण पाय चालत होते.

मागं बाकडं खरकन सरकलं.

"तात्या, पानं म्हशीला टाका," रामकिशनचा आवाज आला. "म्हातारीला घरी न्या. पाहुन्यांना म्हनावं, मानूस आनाया गेलेत. थांबायचं तर थांबा, न्हाईतर दुसरं घर बगा."

साखराबाईनं त्याच्याकडे असं बघितलं की एरवी तो दोन दिवस घरात जेवला नसता. तो बसमध्ये चढला आणि सिंधुपासून दोन बाकं सोडून बसला. रीत मोडली तरी एका दिवसात किती मोडायची, असं त्याला वाटलं असावं.

कंडक्टर तेलुगूत काही विचारत आला. रामकिशन गोंधळून सिंधुकडे बघायला लागला. सिंधुनं उत्तर दिलं. इतक्या वर्षांनी त्या भाषेत बोलताना तिची जीभ पहिल्या शब्दाला अडखळली, दुसऱ्याला सुटली.

बस हलली. संगप्पाच्या आधारानं केवळाबाई खिडकी शोधत पत्र्यावर हात फिरवत येत होती. सिंधुनं हात बाहेर काढून तो धरला.

"सिंधे," म्हातारी बसबरोबर चालत म्हणाली, "भेटला तर त्याला म्हन. म्हन, तुझी माय म्हनली, 'रा'."

"कोन्तं रा, आत्या?" सिंधुनं विचारलं. "त्यांचं का आपलं?"

बसनं वेग घेतला. हात सुटला. धुळीत उभी राहून केवळाबाई ज्या बाजूनं आवाज येत होता तिकडे तोंड करून ओरडली.

"दोनी!"